एक दार सोडून

राऊतभाऊंइतकं कंटाळवाणं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. गावात कोणी त्यांना विचारलं, "काय भाऊ, कोनाच्या घरी आले होते?" की ते सायकल थांबवत, पाय खाली टेकत आणि सुरू करत. "आलो होतो म्हंजे काय झालं, सकाळी निंगालो तं चाकात हवा नाई. पंप मांगतला तं पंपाचा वायसर फाटेल. मंग शेजाऱ्याकडे गेलो, तं तो वावरात गेला होता कांद्याच्या रोपाले पानी द्याले. आता यंदा कांद्याचं असं हाय पाहा..." विचारणारा आधी हूं हूं करी, मग टोपी खाजवी, मग बैलाचं निमित्त काढून निघून जाई. राऊतभाऊ सायकलवर टांग टाकत आणि पुढं जात. कोणाच्या घरी आले होते ते काही त्या माणसाला कळलेलं नसे.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, सरळ काहीतरी थाप मारून मोकळे का होत नाही?" तर म्हणाले, "सिस्टर, थाप ध्यानात राह्यते मानसाच्या. दुसऱ्या दिवशी तोच मानूस इचारते, काल तं असं म्हनत होते. कटाळा आला की मानूस पुन्हा इचारतच नाई."

मी नर्स. मेहकर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद त्याहून नवी होती, आणि आमच्या केंद्राच्या छपराचा पत्रा तेवढा जुना होता. राऊतभाऊ तिथं आधीपासून होते. त्यांच्याकडे एकच काम, महारोगाचे पेशंट शोधायचे आणि त्यांना गोळ्या पोचवायच्या. गावात या रोगाला रगतपिती म्हणत, तेही खाली आवाज करून. एखाद्या घरावर हे नाव लागलं की त्या घराला विहीर बंद, लग्नं बंद, पेशंटची रवानगी वावरातल्या झोपडीत, आणि जेवण दुरून सरकवलेलं. गोळी आली होती. दोन-तीन वर्षं नेमानं घेतली तर माणूस बरा होत होता. पण गोळी द्यायची तर घरापर्यंत जायला पाहिजे, आणि हा माणूस ज्या घरी जातो तिथं काय असणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेव्हा जायचं, पण गेल्याचं दिसू द्यायचं नाही. हे कसं करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपलं आपण बसवलं होतं.

दिसायला साधा माणूस. उंच, किडकिडीत, खाकी सदरा, धोतर, आणि कानात कायम विडीचं थोटूक, जे ते कधी पेटवत नसत. घरी भाजीचा मळा, वहिनी स्वतः बाजारात भाजी घेऊन बसत. सायकलला दोन्हीकडं पिशव्या. त्या पिशव्यांत काय नव्हतं ते विचारा. डोळ्यांचं मलम, तापाच्या गोळ्या, विहिरीत टाकायचं औषध, शाळेतल्या पोरांची नखं कापायची कात्री. यातलं निम्मं काम त्यांचं नव्हतंच. मलेरियावाला वेगळा होता, विहिरीवाला वेगळा होता. ते दोघं खूश, कारण यांचं काम परस्पर होत होतं. एका पोराच्या पाठीवरचा चट्टा बघायचा असला की हे अख्ख्या शाळेचे सदरे काढायला लावत आणि सगळ्यांच्या पाठी बघत. एका म्हाताऱ्याला गोळी द्यायची असली की गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मलम घालत. संध्याकाळी केंद्रावर येऊन बाकावर बसले की त्यांना पाणी मागायचंही त्राण नसे.

"एका पेशंटसाठी तीस लोकांची सेवा," मी चिडून म्हणायची.

"मंग काय करू? त्या एकालेच हात लावला तं तो मेला ना बाप्पा."

आठवडी बाजार हे त्यांचं आवडतं ठिकाण. आसपासच्या खेड्यांतले पेशंट जानेफळच्या बाजारात येत, आणि राऊतभाऊ वांग्याचा भाव करत. तो भाव करणं मी स्वतः पाहिलं आहे. एक एक वांगं उचलून देठ बघायचं, खाली ठेवायचं, "किडकं दिसते" म्हणायचं, भाजीवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. शेजारी उभी असलेली गिऱ्हाइकं कावून पुढं सरकत. मग हळूच शेजारी एक माणूस येऊन उभा राही, तोही वांगी चिवडू लागे, आणि तपकिरीची डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाई. डबीत तपकीर नसे, गोळ्या असत. भाजीवाल्याला पत्ता नसे. तो फक्त राऊतभाऊंना लांबून येताना बघून डोक्याला हात लावी.

एकदा वरून एक साहेब आले, जीप घेऊन. जीपच्या दोन्ही अंगांवर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत रोगाचं नाव रंगवलेलं. साहेब माणूस वाईट नव्हता, उत्साही होता. म्हणाला, आज आपण पाच-सहा गावं करू. राऊतभाऊंचा चेहरा उतरला. ते ड्रायव्हरजवळ गेले, काहीतरी पुटपुटले. साहेब चहा घेत होते तोवर जीपच्या दोन्ही बाजूंना मेथीची आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ओली पोती लोंबकळत होती. "साहेब, घरचा भाजीपाला हाय, बाजारी टाकून देऊ, रस्त्यातच हाय." साहेब भला, हो म्हणाला. पहिल्या गावात जीप शिरली तशा बाया पदर खोचून धावल्या, "मेथी कशी देली?" साहेबांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी राऊतभाऊंना सगळ्यांसमोर असं काही झापलं की मला ऐकवेना. हे मान खाली घालून उभे. झापणं संपल्यावर हळूच म्हणाले, "चुकलं साहेब. पन पोती संध्याकाळलोक राहू द्याल का?" साहेबांनी हात हवेत उडवला. पोती संध्याकाळपर्यंत राहिली.

गंमत वाटते हे सगळं सांगताना. पण रोज करायला गंमत नव्हती. लपवून ठेवणं फार थकवतं हो. सगळ्यांशी सारखं वागायचं, सगळीकडं सारखं थांबायचं, ओळखीच्या माणसाकडं ओळख नसल्यासारखं बघायचं. बरं झालेल्या पेशंटचा आनंदही मनात ठेवायचा. एकदा हिवरा आश्रमाच्या रस्त्यावर आम्ही दोघं झाडाखाली टेकलो होतो, ऊन मी म्हणत होतं. ते म्हणाले, "सिस्टर, चोरी न करता चोरावानी राहा लागते आपल्याले. बुढा होऊन गेलो मी यातच." तेव्हा त्यांचं वय काही फार नव्हतं.

आणि सगळीकडं सारखं थांबायचं म्हणजे चहा आलाच. गल्लीत शिरले की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक ओट्यावर बसायचं आणि जे देतील ते प्यायचं. एखाद्या घरी जास्त वेळ बसलं असं कोणाला वाटायला नको. गुळाचा चहा, शेळीच्या दुधाचा चहा, कोरा चहा, पाणीच जास्त असलेला चहा. त्यांना पित्त झालं होतं त्यापायी. मी बरोबर असले की मलाही चहा मिळायचा, पण माझा कप वेगळा. मी बौद्ध. कान तुटलेला कप वळचणीला खोचलेला असे, मी पिऊन, विसळून परत तिथंच खोचायचा. राऊतभाऊ माळी, त्यांना घरातली कपबशी मिळे. ते यावर कधी काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. पण माझा कप बाहेर आला की ते आपला चहा घाईघाईनं संपवत आणि उठत, एवढं मी पाहिलं होतं.

आता ती गोष्ट सांगते. गाव कोणतं ते सांगणार नाही, मुलीचं नाव बदललं आहे, तेव्हा कोणी अंदाज बांधत बसू नका. शांता म्हणू आपण तिला. घर बागायती, भाजीपाल्याचं. तिच्या डाव्या कोपराखाली एक बधिर चट्टा होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की हा पसरणारा प्रकार नाही, दुसऱ्याला होणार नाही, पण गोळी सोडली तर कोपरातली शीर जाईल, करंगळीपासून हाताची बोटं वाकडी होतील, आणि एकदा वाकडी झाली की जगाला सांगायची गरज राहणार नाही. राऊतभाऊ गोळ्या देत होते. दोन वर्षं होत आली होती. चट्टा पुसट झाला होता, थोडे महिने उरले होते.

पण शांताची आई म्हणजे भरलं आभाळ. राऊतभाऊ ओट्यावर बसले की तिला काय करू अन् काय नको होई. नवी कपबशी काढायची, चहात दूध ओतायची, उभ्या उभ्या डोळ्यांना पदर लावायची. "माय, असं नको करू, लोक पाह्यतात," ते सांगत. ती हो म्हणे आणि पुढल्या खेपेला तेच. शेवटी त्यांनी त्या ओट्यावर चढणंच सोडलं. गल्लीतली सगळी घरं करायची, हे एक दार सोडून पुढं जायचं. गोळ्या मळ्यात द्यायच्या, रोपं बघायच्या निमित्तानं. इतका जपून चालणारा माणूस, पण इथं त्यांच्या लक्षात आलं नाही.

शांताचं लग्न ठरलं. मुलगा दुसरबीडकडचा, घर चांगलं, मुलगा शाळेत शिक्षक. सगळं जमलं. साक्षगंधाचा दिवस उजाडला, म्हणजे लग्न पक्कं झाल्याचं कुंकू लावायचा कार्यक्रम. त्या दिवशी आम्ही दोघं त्याच गावात होतो, शाळेत, मी पोरांना लस टोचत होते, ते पोरांच्या पाठी बघत होते. मुलाकडचे दोन बाप्ये शाळेच्या दारात आले. "राऊतभाऊ तुमीच ना? जरा मांडवात चला. काम हाय."

मी सुई खाली ठेवली. राऊतभाऊ काही न विचारता निघाले, मी मागून गेले. मांडवात पंगतीच्या पत्रावळी तशाच पडल्या होत्या, कोणी बसलं नव्हतं. शांताचा बाप खांबाला धरून उभा. मुलाची आत्या त्याच गल्लीत दिलेली, ती मधोमध. तिनंच सगळं थांबवलं होतं. बाई हुशार होती, तिला मी दोष देत नाही.

"भाऊ, एक इचारते," ती म्हणाली. "तुमी माह्या घरी च्या पेता. पाटलाच्या घरी पेता. मास्तराच्या घरी पेता. या गल्लीत तुमी च्या पेला नाई असं एकच दार हाय. काऊन?"

राऊतभाऊंनी कानातलं थोटूक काढलं, पुन्हा खोचलं.

मुलाचा बाप पुढं आला. तो चिडला नव्हता, घाबरला होता. "भाऊ, तुमचं काम काय हाय ते सगळ्याइले मालूम हाय. आमाले फक्त हो का नाई सांगा. या घरात कोनाले हाय का? माह्या पोराच्या जन्माचा सवाल हाय."

मला वाटलं, आता हे कांद्याचं रोप काढतील. पण आज कोणी कंटाळून उठून जाणार नव्हतं. नाही म्हटलं असतं तर कोणी मानलं नसतं, गप्प राहिले असते तर हो झालं असतं, आणि आता ओट्यावर बसून चहा मागितला असता तर तो देखावा ठरला असता. आत दाराच्या फटीत शांताचं लुगडं दिसत होतं.

"माय, तू बरोबर पाह्यलं," ते आत्याला म्हणाले. "मी या घरी च्या पेत नाई. पेत नाई म्हंजे, देत नाईत मले."

"काऊन देत नाईत?"

"कारन मले रगतपिती हाय."

एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून गावात कधी ऐकला नव्हता. पहिल्यांदा ऐकला तो असा.

ते पुढं बोलले, नेहमीच्याच संथ आवाजात. "या माउलीनं मले हिरीवर हात धुताना पाह्यलं. बाही वर होती. तवापासून तिनं मले ओट्यावर चढू देलं नाई. कोनापाशी बोलली नाई, तो तिचा मोठेपना. मी बाकी घरी पेत राह्यलो, तो माहा गुन्हा." त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. दंडावर पांढरट डाग होता, लहानपणी गुळाचा पाक सांडलेला, मला माहीत होतं. पण जवळ येऊन बघायची कोणाची छाती होती? मांडव चार पावलं मागं सरकला. मग त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली, शांतासाठी आणलेली एक गोळी सगळ्यांसमोर तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली.

सगळे शांताच्या आईकडं बघू लागले. तिचा चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, आज तरी रडू नको, आज तरी काही बोल. ती बोलली. "हाव," म्हणाली. "म्याच मना केली होती." आणि मग हंबरडा फोडला. लोकांना वाटलं, एका भल्या माणसाचं उघडं पडलं म्हणून रडते.

"आवं माय! आमच्या कपात पेला न व हा मेला!" आत्या ओरडली, आणि मग सगळेच ओरडू लागले. कोणी माती फेकली. मुलाचा बाप माझ्याकडं वळला, "सिस्टर, खरं हाय?"

मी म्हटलं, "पेशंटबद्दल मला बोलता येत नाही."

हे खोटं नव्हतं. एवढंच मला तेव्हा सुचलं, आणि तेवढं पुरलं. थोड्या वेळानं मांडवात पंगत बसली. मुलाचा बाप शांताच्या आईला हात जोडून म्हणाला, "तुमचं घर सावध हाय, बापा." आम्ही गल्लीतून निघालो तेव्हा बाया घराघरांतून कपबश्या आणून उकिरड्यावर फोडत होत्या.

रस्त्यानं ते सायकल हातात धरून चालत होते. मी त्यांच्यावर संतापले होते. "हे काय करून बसलात, भाऊ?"

"चूक माहीच होती. मले वाटलं, गेलो नाई तं कोनाले दिसनार नाई. न गेलेलंच दिसलं."

"मग नाही म्हणायचं होतं सरळ!"

"माहं नाई कोन मानते सिस्टर? आजलोक मी सगळ्याइसाठी नाईच म्हनत आलो."

मुलाला फसवलं, असं कोणी म्हणेल. मीही त्यांना तेव्हा विचारलं. ते म्हणाले, पसरणारा असता तर मी तोंड उघडलं नसतं, लग्न मोडू दिलं असतं. आणि नवऱ्याला सांगायचं की नाही ते पोरीनं ठरवावं, तिचं ती सांगेल, पण मांडवात, आत्यासमोर, पत्रावळीवर नाही. मला ते तेव्हा पटलं. आजही पटतं. पण पटलं म्हणून जिवाला बरं वाटतं असं नाही.

पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. जानेफळच्या बाजारात हॉटेलवाल्यानं त्यांच्यासाठी करवंटी ठेवली, खरोखर नारळाची करवंटी. ते बाहेर उकिडवे बसून त्यातून चहा पीत. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं, आणि रागही आला, स्वतःलाच कळेना असा. आम्हाला जन्मापासून जे मिळालं, आमच्या आईबापांनी ज्याच्यापायी धर्म बदलला, ते या माणसानं मागून घेतलं होतं. मी त्यांना हे बोलूनही दाखवलं. म्हटलं, "भाऊ, तुम्ही हे उद्या डॉक्टरांचा कागद दाखवून टाकून देऊ शकता. आम्हाला टाकता येत नाही." त्यांनी करवंटी विसळून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मलेबी नाई टाकता येत आता. टाकलं की ते तिच्या दारात जाऊन पडन." त्यानंतर मी हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून गावात माझा कप बाहेर आला की आम्ही दोघंही बाहेर बसत होतो.

सगळ्यांत वाईट वहिनींचं झालं. त्यांच्या टोपलीतली भाजी कोणी घेईना. कोवळी मेथी संध्याकाळी म्हशीपुढं टाकायची. एक दिवस त्या केंद्रावर आल्या, डोक्यावर रिकामी टोपली, आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "सिस्टर, तुमी बाईमानूस. मले खरं सांगा. हाय का त्याइले?"

"नाही," मी म्हटलं. "वहिनी, शपथेवर सांगते, नाही."

"ते बी नाईच म्हनतात. मंग जगापाशी हाय काऊन म्हनले? इचारलं तं म्हनतात, इचारू नको, अन् बाजारात नाई म्हनू नको. असं कुठी असते का?" त्या जमिनीवर बसल्या. "पोराचं लग्न करा लागते मले. कोन देईन पोरगी?"

माझ्या जिभेवर शांताचं नाव आलं होतं. मी ते गिळलं. वहिनी वाईट नव्हत्या, पण भाजी परत आणलेल्या बाईच्या तोंडून रागाच्या भरात एखादा शब्द निघाला असता, आणि तो बाजारात निघाला असता. राऊतभाऊंनी हेच धरून बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी त्यांना चहा करून दिला, दुसरं माझ्या हातात काही नव्हतं. त्यांनी पुढं जानेफळचा बाजार सोडला, लांबच्या बाजारी जाऊ लागल्या. मुलाचं लग्न झालं, पण फार उशिरा झालं.

एक गोष्ट मात्र घडली, ती सांगायलाच हवी. लोक म्हणू लागले, राऊतभाऊले रगतपिती हाय, तरी बोटं धड हायेत, सायकल चालवते, गोळीनं राह्यते वाटते. ज्यांनी वर्षानुवर्षं लपवलं होतं असे काही जण हळूहळू केंद्रावर आले. एक तर थेट म्हणाला, "ज्या गोळीनं भाऊ बरे हायेत ती मले द्या." राऊतभाऊंना याचा केवढा आनंद! मला म्हणाले, "पाहा सिस्टर, फायदाच झाला." त्यांच्या सायकलच्या पिशवीत त्या दिवशी करवंटी होती, रोज मागायला नको म्हणून त्यांनी ती स्वतःच जवळ बाळगायला सुरुवात केली होती.

शांताच्या उरलेल्या गोळ्या मी पोचवल्या, लस टोचायच्या निमित्तानं. लग्नानंतरच्या तिच्या आईनं बांगड्यांच्या डब्यातून पाठवल्या. मग ती हकीकत आमच्यापुरती संपली. राऊतभाऊ त्या गल्लीत पुन्हा कधी गेले नाहीत.

माझी बदली झाली तेव्हा मधे बरीच वर्षं गेली होती. ते मला मेहकरच्या एसटी स्टँडवर सोडायला आले. केस पांढरे, खांदे आणखी उतरलेले. आम्ही बाकावर बसलो होतो. आम्ही बसलो म्हणून त्या बाकावर आणखी कोणी बसलं नाही, त्याची सवय झाली होती. एवढ्यात एक चिमुरडं पोरगं धावत आलं, राऊतभाऊंच्या सायकलची घंटी वाजवायला लागलं आणि वाजवता वाजवता त्यानं त्यांचं बोट धरलं. त्यांनी हात काढून घ्यायच्या आत पलीकडून एक म्हातारी ओरडली, "आवं, पोट्ट्याले धर! तोच हाय तो रगतपितीवाला!"

सून धावत आली. शांता होती. अंगानं भरलेली, कपाळभर कुंकू. तिनं आमच्या दोघांकडं सरळ पाहिलं, जसं खांबाकडं पाहावं. पोराला हिसकून उचललं, टाकीच्या नळावर नेलं आणि त्याचा हात धुऊ लागली. माती घेऊन चोळत होती, पाणी ओतत होती, पुन्हा चोळत होती. पोरगं रडत होतं. सासू मागं उभी राहून सांगत होती, "अजून चोय, अजून चोय."

मला राहवेना. मी उठलेच होते. "एकदा तरी मागं वळून बघायचं होतं तिनं! एवढं काय जात होतं?"

राऊतभाऊंनी मला हातानं खाली बसवलं. ते नळाकडंच बघत होते, मान थोडी वाकडी करून, शाळेत पोरांना तपासताना बघत तसं. "थांबा सिस्टर, मधात येऊ नका," ते म्हणाले. "डावा हात पाहा. पोराचं मनगट धरलं हाय तिनं. पाची बोटं मिटून राह्यली. करंगळीबी."

माझी गाडी लागली. मी चढले, पेटी वर ठेवली आणि खिडकीतून पाहिलं. शांता अजून हात धूत होती, आणि राऊतभाऊ अजून तिच्या करंगळीकडं बघत होते.